कपबशीच्या घरचा चहा

नाना, संक्रांतीनंतर आपल्या ढाणकीत तुमचे फोटो मी जमिनीवरून वेचले. एकदोन नव्हेत, पर्स भरली आणि उरलेले पदरात घ्यावे लागले. तळहाताएवढे, मागून चिकट असलेले फोटो. काही खुर्च्यांच्या पाठींना चिकटवलेले, काही चपलांखाली जाऊन मातीने भरलेले. उमेदवारी अर्ज भरायच्या आधी तुम्ही उमरखेडच्या स्टुडिओत टोपी दोनदा सारखी करून काढून घेतलेला तो फोटो, मान ताठ आणि ओठ मिटलेले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की गावात तुम्हाला चेहऱ्याने ओळखणारी माणसं आता शोधावी लागतात, आणि एका दुपारी तोच चेहरा शेकड्यांनी मंडपात पडलेला. हे कसं झालं ते सांगते. मला राग आला की मी नीट क्रमाने बोलते, हे तुम्हाला माहीत आहे.

आपला तालुका यवतमाळ जिल्ह्याचा आणि खासदार हिंगोलीचा, हे अजून तसंच आहे. मी लग्नानंतर पुसदची झाले, त्यामुळे माझं मत यवतमाळ-वाशीमला. एकाच जिल्ह्यात, एकाच बसच्या रस्त्यावर, माझा खासदार वेगळा आणि माहेरचा वेगळा. तुमच्याकडे मतं मागणारे पैनगंगा ओलांडून येतात, निकाल लागला की पुन्हा ओलांडून जातात. तुमच्यानंतर झालेली प्रत्येक निवडणूक मी दोन्हीकडून पाहिली आहे. कागदावर शिक्का मारायचे दिवस गेले, मशीन आलं, भिंती रंगवणं गेलं, मोबाइलवर उमेदवार हात जोडून उभे राहू लागले. भाषण मात्र बदललं नाही. प्रत्येक भाषणात रेल्वे येते, कापसाला भाव येतो, टाळ्या येतात. पूर्वी माणूस पक्ष बदलायचा तेव्हा निदान चार दिवस तोंड लपवायचा. आता सकाळी एका रंगाचा दुपट्टा, संध्याकाळी दुसऱ्या रंगाचा, आणि दोन्ही वेळा मागे तीच पोरं घोषणा देतात. पक्ष फुटले, फुटलेले पुन्हा फुटले, आणि आमच्या शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या बाई मला विचारायच्या, मॅडम, मुलींना शिकवायचं तरी काय? मी मुख्याध्यापिका होते, उत्तर देणं माझं काम होतं. मी म्हणायचे, पुस्तकात आहे तेवढं शिकवा. यापेक्षा लाजिरवाणं वाक्य मी नोकरीत बोललेले नाही.

तुम्ही लोकसभेला अपक्ष उभे राहिलात तेव्हा मी पुसदला कॉलेजात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मत तेव्हा एकविसाव्या वर्षी मिळे, त्यामुळे मी तुम्हाला मत देऊ शकले नाही. एवढा मोठा मतदारसंघ, आणि तुमच्याकडे एक सायकल, एक पत्र्याचा भोंगा आणि दुकानात उरलेल्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर लिहिलेल्या पाट्या. वह्या-पुस्तकांचं दुकान आणि थोडी कोरडवाहू जमीन असलेल्या माणसाने दिल्लीला जायचं मनात आणावं, यावर गाव आधी हसलं, मग जरा गंभीर झालं. तुम्हाला चिन्ह हवं होतं पुस्तक. ते मिळालं नाही. मिळाली कपबशी. तुम्ही घरी येऊन सांगितलंत तेव्हा आई खुश झाली होती. "बरं झालं," ती म्हणाली, "घरोघरी असते. बायाईच्या ध्यानात राहीन." आणि त्याच संध्याकाळी तुम्ही फर्मान काढलंत, की निकाल लागेपर्यंत या घरात कोणालाही चहा मिळणार नाही. मतदाराला पाजलेला चहा म्हणजे मत विकत घेणं, आणि मतदाराकडे घेतलेला चहा म्हणजे मत उधार घेणं. आपण दोन्ही करायचं नाही.

आईचा चेहरा मला आजही दिसतो. चुलीपुढे बसून ती तुमच्याकडे बघते आहे, हातात चहापत्तीचा डबा आहे, झाकण अर्धं उघडलेलं. "मले एक सांगा," ती म्हणते, "कपबशी घेऊन उभे राह्यले तुमी, अन् घरी आलेल्याले चहा नाही? लोकं काय म्हणतीन? तोंडात शेण घालतीन."

"घालू दे. चहा तर घालणार नाही ना?"

"हसू नका. आलेल्याले पाणी द्याव का नाही, तेही सांगून ठेवा."

पाण्याला तुम्ही परवानगी दिलीत. मग तीन आठवडे लोक येत, ओसरीवर बसत, पाणी पीत, आत स्वयंपाकघराकडे बघत आणि उठत. कोणी मुद्दाम विचारी, "काय नाना, चिन्ह दाखवा की!" आणि सगळे हसत. उमरखेडचे मामा आले, आईचे सख्खे भाऊ, आंबट चेहऱ्याचा पण तुमच्यासाठी गावोगाव फिरणारा माणूस. मी त्यांच्यासाठी गुपचूप चहा टाकला आणि बशीत कप ठेवून बाहेर आणला. तुम्ही मला दारातच अडवलंत. "हा मामा आहे की मतदार?"

"दोन्ही आहेत," मी म्हटलं.

"मग आधी मतदार. ने आत."

मामा उठले, टोपी घातली, आणि तुमच्याकडे न बघता आईला म्हणाले, "ताई, येतो व. तुह्या नवऱ्याले दिल्लीत चहा भेटो." त्यानंतर ते प्रचाराला आले नाहीत. मला तुम्ही रात्रीच्या जेवणापर्यंत बोललात, की सोपा नियम मोडणारा अवघड नियम काय पाळणार. मला तो बोल लागला आणि आवडलाही. पुढे मुख्याध्यापिका झाल्यावर मी कुठल्याही पालकाच्या घरचा चहा घेतला नाही. सत्काराला गेले तरी नाही. शिक्षकांच्या बैठकीत मी हे सांगायचे, तुमचं नाव घेऊन.

अनामत जप्त झाली. हिंगोलीहून तुम्ही बसने परत आलात, धुळीने पांढरे झालेले, आणि दारातूनच म्हणालात, "गेलं डिपॉझिट. आता टाक चहा." आईने मोठं पातेलं चढवलं. घरातले होते नव्हते तेवढे कप ओसरीवर मांडले, कारण आता बंदी उठली होती, आता कोणीही येऊ शकत होतं. कोणी आलं नाही. तो सगळा चहा आपण तिघा-चौघांनी मिळून संपवला, थंड होईपर्यंत. मला तेव्हा वाटलं, आणि नंतर आयुष्यभर वाटत राहिलं, की माझे वडील या गावात एकटेच ताठ होते आणि गाव एका घोटासाठी विकलं गेलं. 'कपबशीच्या घरचे' हे आपल्याला पडलेलं नाव मी दागिन्यासारखं वापरलं. ढाणकीच्या बाजारात कोणी भाजीवाली म्हणे, "ह्या कपबशीवाल्या बाई, यायले चहा विचारू नका बरं," आणि मी मान वर करून पुढे जाई.

आता परवाचं. आपल्या तालुक्यातल्या एका पुढाऱ्याला येत्या वेळी लोकसभेचं तिकीट हवं आहे. त्याचं नाव लिहून कागद खराब करत नाही. तुम्ही उभे होतात तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. तुमच्या दुकानातून पेन्सिली न्यायचा. मधल्या काळात त्याने किती रंगांचे दुपट्टे घातले ते त्यालाही सांगता येणार नाही. आणि धाकट्याला, तुमच्या लाडक्या मुलाला, आपल्या सुनेसाठी नगरपंचायतीचं तिकीट हवं आहे. दोघांचं जमलं. धाकट्याचा फोन आला, "अक्का, महिला मेळावा आहे, हळदीकुंकू आहे. नानाच्या आठवणीत वाण देऊन राह्यले. तुले पाहुणी म्हणून बोलावलं."

"नानांच्या आठवणीत कसलं वाण?"

"ते तू ये त खरं."

मी गेले, कारण तुमच्या नावाने कोणी काही करतंय म्हटल्यावर मला राहवलं नाही. मंडप भरलेला. बायका शेकड्यांनी, ट्रॅक्टरने आणलेल्या. टेबलांवर डब्यांची रास. प्रत्येक डब्यात सहा कपबश्या. डब्यावर त्या पुढाऱ्याचा हसरा चेहरा छापलेला, हात जोडलेले, आणि कोपऱ्यात तुमचा फोटो चिकटवलेला. खाली लिहिलेलं, 'कपबशीचे शिल्पकार'. नाना, तुम्ही मतदाराला घोटभर चहा दिला नाहीत म्हणून गावाने तुम्हाला घालवलं, आणि तुमच्याच नावाने मतदाराला सहा-सहा कप वाटणं चाललं होतं. मला शिसारी आली. मी धाकट्याकडे बघितलं तर तो माझ्या नजरेच्या टप्प्यातून खांबामागे सरकला, लहानपणी सरकायचा तसा.

मग तो पुढारी बोलायला उभा राहिला. "माझ्या मायबहिणींनो, आमचे नाना म्हणजे दिलदार माणूस! त्या निवडणुकीत त्यांच्या घरचं चहाचं पातेलं चुलीवरून खाली उतरत नव्हतं. मी स्वतः नानांच्या हातचा चहा पिऊन राजकारणात आलो!" टाळ्या. धाकट्याच्या सुनेने सुद्धा वाजवल्या. तिला काय माहीत. पण धाकट्यानेही वाजवल्या, नाना. तो त्या ओसरीवर होता. त्याने तो थंड चहा प्यायला होता.

मला बोलायला दिलं नव्हतं, फक्त कुंकू लावायला बोलावलं होतं. मी जाऊन माइक घेतला. शाळेत प्रार्थनेच्या वेळी घ्यायचे तसा. मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी त्या निवडणुकीत कोणालाही चहा पाजला नाही. सख्ख्या मेहुण्याला पाजला नाही. मतदाराला काहीही देणं ते लाच मानत. या डब्यांवर त्यांचा फोटो लावणं हा त्यांचा अपमान आहे. तुम्हाला डबे न्यायचे असतील तर न्या, पण माझ्या वडिलांचा फोटो त्यावरून काढून मग न्या." मला वाटलं, आता कोणीतरी डबा परत ठेवील. एकीने ठेवला की दुसरी ठेवील. तुमची मुलगी म्हणून मी तिथे ताठ उभी होते.

बायकांनी माझं ऐकलं. शब्दशः ऐकलं. एकेकीने नखाने तुमचा फोटो सोलला आणि डबा घेऊन गेली. शिस्तीत, रांगेत, माझ्यासमोरून. कोणी फोटो पुढच्या खुर्चीला चिकटवला, कोणी खाली टाकला, एकीने लहान लेकराच्या कपाळावर लावला तर ते हसायला लागलं. पुढाऱ्याचा चेहरा छापलेला होता, तो कशाने निघणार? तो राहिला. तुम्हीच तेवढे निघालात. पुढारी माझ्याजवळ येऊन हात जोडून म्हणाला, "बाई, तुमच्यासारखी स्पष्ट माणसं पाहिजेत राजकारणात," आणि गाडीत बसला. एका तासात मंडपात मी होते, रिकाम्या खुर्च्या होत्या आणि जमिनीवर सगळीकडे तुम्ही.

मी वाकून वेचायला लागले. तेव्हा मागून आवाज आला, "काय व, बापाले गोळा करून राह्यली?"

माझी शाळेतली मैत्रीण. बौद्धपुऱ्यातली, माझ्याच बाकावर मॅट्रिकपर्यंत बसलेली. पुढे नर्स झाली, आता रिटायर होऊन गावातच आहे. काखेत डबा होता. माझी नजर डब्यावर गेलेली तिने पाहिली. "कुंकवाचं आमाले काम नाही, कपाचं होतं. तुह्या भाषणाच्या आधीच घेतलता. फोटो काढून देऊ का?"

"वेचू लाग," मी म्हटलं.

ती लागली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, एकेक फोटो उचलून माझ्या पदरात टाकत होती. मग म्हणाली, "तुहा बाप चहा पाजत नव्हता हे सांगतलं तू, बरं केलं. पीत नव्हता हे काहून नाही सांगतलं?"

"तेही खरंच आहे. मतदाराकडचा नाही प्यायचे."

"आमच्याकडचाही नाही पेले. माह्या बापानं नव्या कपबश्या आणल्या होत्या, उमरखेडहून. कपबशीचा उमेदवार येऊन राह्यला, त्याले कपबशीतच द्या म्हणे. सारा पुरा गोळा झालता. चहा मीच केला. दूध शेजारून आणलतं. तुह्या नानासमोर ठेवला, त त्यांनं हात जोडले. 'मतदाराचा चहा मी घेत नाही.' बोलले बरेच, चांगले बोलले. अन् उठून गेले. कप भरलेला तसाच."

"अगं, त्यांनी कुठेच घेतला नाही! पाटलांच्या वाड्यावर नाही, देशमुखांकडे नाही, कुठेच नाही."

"ते आमाले कोण सांगीन? आमी काय पाटलाच्या वाड्यावर बसलो होतो पाह्यले? आमाले येवढंच दिसलं का पिढ्यान्‌पिढ्या झालं तेच झालं. भाषेत फरक पडला." तिने एक फोटो पुसला आणि मग टाकला. "माह्या बापानं सारा पुरा तुह्या बापाच्या मागं उभा केलता. पक्कं ठरलतं. तो कप त्यानं मोरीत ओतला अन् म्हणे, ज्यानं चहा पेला त्याले द्या. मग ज्यानं पेला त्याले दिलं. तो चोर होता हे आमालेही माहीत होतं."

तुमची बाजू मांडायची माझी एवढी वर्षं तयारी होती, गावाविरुद्ध, विकल्या गेलेल्यांविरुद्ध. हिच्याविरुद्ध नव्हती. मी म्हटलं, "नाना दुकानात सगळ्यांशी सारखे वागत. तुला माहीत आहे."

"दुकानात गिऱ्हाईक असते व. मी घरचं विचारून राह्यली. निवडणुकीच्या आधी किती खेपा आलते तुहे नाना आमच्याकडं चहाले?"

मी आठवत राहिले. नाना, मी खरोखर आठवत राहिले, हातातला फोटो तसाच धरून. तुमचा नियम तीन आठवड्यांचा होता. त्याच्या आधीची सगळी वर्षं मोकळी होती. पाटलांकडे तुम्ही दर रविवारी बसायचात, ते मला आठवलं. बाकी काही आठवलं नाही. हे तुम्ही मला सांगा. नियम होता म्हणून तुम्ही तिथे चहा घेतला नाहीत, की नियम होता म्हणून तुम्हाला तो न घेणं सोपं गेलं? तुम्हालाही कदाचित माहीत नसेल. त्या पुढाऱ्याचं मला माहीत आहे. तो दर निवडणुकीत बौद्धपुऱ्यात जातो, जमिनीवर मांडी घालतो, बशीने फुर्र करून चहा पितो आणि फोटो काढून घेतो. त्याच्या त्या पिण्याची मला किळस येते. पण पितो तर तोच, हे आता पुसता येत नाही. तुमचा भरलेला कप आणि त्याचा रिकामा कप, या दोन्हींच्या मधे या मतदारसंघाचा सगळा इतिहास जाऊन बसला आहे, आणि तुम्ही त्यात कुठल्या बाजूला होतात हे तुमच्या मुलीला सांगता येत नाही.

"त्या कपबश्यांचं काय झालं?" मी विचारलं.

"फुटल्या. कप फुटतेच." मग म्हणाली, "चाल घरी. उन्हात कायले वाकून राह्यली, म्हातारी झाली तू."

मी तिच्याबरोबर निघाले, रस्त्याने मीच पुढे. माझ्याच बाकावर बसलेल्या मुलीच्या घराचा रस्ता मला तिला विचारावा लागला नाही, पण दार कोणतं ते विचारावं लागलं. पक्कं घर आहे, अंगणात तुरीचे भारे उभे केलेले. तिने मला खुर्ची दिली, गॅसवर चहा ठेवला, आणि काखेतला डबा टेबलावर ठेवून नखाने उघडला. त्या कपांना मी मंडपात हातही लावणार नव्हते.

"घरात दुसरे नाहीत असं नाही," ती म्हणाली. "पण तुले याच्यातच देतो. बघू पेते का."

मी तुमचे फोटो पदरातून काढून टेबलावर पालथे ठेवले आणि कप उचलला. निळ्या फुलांचा कप आहे. बशी जरा हलकी आहे, पण कान मजबूत. ती समोर उभी राहून बघत होती, चहा संपेपर्यंत, तपासणीला आल्यासारखी. संपल्यावर तिने रिकामा कप उचलून आत बघितलं आणि बेसिनमध्ये ठेवला.

धाकट्याशी मी बोलत नाही. तिकीट मिळेल त्याच्या सुनेला, नाही मिळालं तर दुसऱ्या दुपट्ट्यात मिळेल. तुमचे फोटो पुसून मी कपाटात ठेवलेत. जाळता येत नाहीत आणि इतक्या नानांचं एका घरात करायचं काय हेही कळत नाही. हे लिहून झालं की कागद त्यांच्याखालीच ठेवीन. पत्ता असता तरी तुम्हाला पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळावी असं मला वाटत नाही. कप बेसिनमध्ये ठेवल्यावर तिने मला पुन्हा विचारलं नव्हतं. दुसरा कप मीच मागून घेतला.